कोंबड्यांना मर लागली तर: पहिली मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकू नका

शिमगा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी खुराडं उघडलं तर एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, कोपऱ्यात मरून पडलेली. अंगावर जखम नाही, पिसं विस्कटलेली नाहीत. ‘उष्म्यानं गेली असेल’ म्हणत मी ती शेपटीला धरून उचलली आणि उकिरड्यावर भिरकावली. दुपारी वाडीतलं कुत्रं ती घेऊन गेलं. तिसऱ्या दिवशी चार मेल्या. गावरान आणि गिरीराज जातीचे मिळून 22 पक्षी होते, रविवारपर्यंत 8 उरले.

पशुवैद्यकीय डॉक्टर आले तेव्हा त्यांनी औषधाचं नावही काढलं नाही. त्यांनी विचारलं, “पहिली कधी मेली? कुठल्या वयाची? ती कुठे आहे? महिन्याभरात बाहेरून पक्षी आणला का?” चारपैकी एकाच प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर होतं. आठ दिवसांपूर्वी आठवडी बाजारातून एक देखणा कोंबडा आणून मी थेट कळपात सोडला होता.

त्यानंतर स्वतःच्या आणि शेजारपाजारच्या खुराड्यांत जे पाहिलं आणि डॉक्टरांकडून जे शिकलो, ते क्रमानं लिहितो. आपण सगळे ‘कुठलं औषध द्यावं?’ इथून सुरुवात करतो, पण तो प्रश्न बराच नंतरचा आहे. मर कशी लागली, किती दिवसांत पसरली, कोणाला आधी गाठलं, यावरून अर्धं निदान होतं. उरलेलं अर्धं त्या पहिल्या मेलेल्या कोंबडीच्या पोटात असतं.

पहिला तास

उघड्या हातानं उचलू नका. नाका-तोंडाला रुमाल बांधा, प्लास्टिकची पिशवी हातमोज्यासारखी हातात घाला, कोंबडी धरा आणि पिशवी तिच्यावरूनच उलटी करा. वरून दुसरी पिशवी घालून गाठ मारा. तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी बाहेरून चिकटवा. मासे येतात तसला थर्मोकोलचा डबा असेल तर त्यात बर्फ घालून पिशवी ठेवा. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. एक तर तिथे घरचं खाणं असतं, आणि गोठलेल्या अवयवांमधल्या पेशी फुटतात, त्यामुळे तपासणीत नीट काही दिसत नाही. कोकणातल्या मार्च-एप्रिलमध्ये सकाळी मेलेली कोंबडी दुपारी कुजायला लागते, म्हणून बर्फाची घाई करा.

मग जिवंत पक्ष्यांकडे वळा. सुस्त, पिसं फुगवून बसलेला, डोळे मिटणारा प्रत्येक पक्षी वेगळ्या डालग्याखाली, बाकीच्यांपासून जमेल तेवढ्या लांब ठेवा. उरलेल्यांना त्या दिवसापासून बाहेर सोडू नका. शेजारच्या कोंबड्या आपल्या अंगणात येतात त्याही थांबवा. दाणा-पाणी आधी निरोग्यांना, मग आजाऱ्यांना, हा क्रम मोडू नका. आजारी पक्ष्यांकडे जायची चप्पल वेगळी ठेवा आणि परतताना साबणानं हात धुवा. चपलेच्या तळाला चिकटलेल्या शिटेतून रोग या घरातून त्या घरात जातो, हे आमच्या वाडीत कोणालाच पटायचं नाही. मलाही पटलं नव्हतं.

आणि एक नाजूक गोष्ट. मर लागली की ‘मरण्याआधी कापून टाका’ म्हणून धडाधड कोंबड्या कापल्या जातात, दोन पाहुण्यांकडे जातात, दोन बाजारात विकल्या जातात. गरिबाचं नुकसान थोडं तरी भरून निघतं, हे मला कळतं. पण गावोगाव रोग पोचवायची याहून सोपी रीत नाही. माझा तो देखणा कोंबडाही बहुधा असाच कोणाच्या तरी मर लागलेल्या खुराड्यातून बाजारात आला असावा.

बर्ड फ्लूची शंका आधी काढून टाका

भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी 2006 मध्ये. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, तपासणीत तोच निघाला. जानेवारी 2025 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे मरून पडू लागले, तेव्हाही कारण तेच होतं. परसातल्या बहुतेक मरींमागे बर्ड फ्लू नसतो. पण असला तर माणसालाही धोका असतो, म्हणून ही शंका सगळ्यात आधी फेडायची.

पुढच्यातलं काही दिसलं तर स्वतः काही करत बसू नका, लगेच फोन करा: एक-दोन दिवसांत बराचसा कळप मेला, तुरा आणि चोचीखालचे लाल लोंबते भाग निळे-जांभळे पडले, डोकं सुजलं, पायांच्या कातडीवर लालसर रक्ताचे डाग आले, किंवा आसपास कावळे, बगळे, बदकंही मरू लागली. अशी कोंबडी घरी फाडून बघायची नाही, पिसं काढायची नाहीत, लहान मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही. हाताळल्यानंतर दहा दिवसांत घरात कोणाला ताप-खोकला आला तर माणसांच्या डॉक्टरांना ‘घरात कोंबड्या मेल्या आहेत’ हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

कळवलं की सरकार सगळ्या कोंबड्या मारून टाकतं, या भीतीनं लोक गप्प बसतात. रोग पक्का झाला तर साधारण 1 किलोमीटरच्या परिसरातले पक्षी नष्ट करतात आणि 10 किलोमीटरपर्यंत पाहणी ठेवतात, हे खरं. पण नुकसानभरपाई मिळते ती सरकारनं नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे लपवून ठेवण्यात पैशाचाही फायदा नाही. शिवाय असा रोग कळवणं 2009 च्या प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे.

वही घ्या

शाळेची जुनी वही चालेल. रोज दोन ओळी लिहा: आज किती मेल्या, कुठल्या वयाच्या, नर की मादी, कुठे सापडल्या, आदल्या दिवशी दाणे खात होत्या का. मग मागे जाऊन आठवा. महिन्याभरात नवा पक्षी आला का? दाणा बदलला का, नवी गोणी उघडली का? शेजारच्या आंब्या-काजूवर फवारणी झाली का? कोणी उंदरांना गोळ्या टाकल्या का? पाऊस पडून खुराड्यात ओल आली का? लस दिली होती का, दिली असेल तर तारीख काय?

ही आठवण सगळ्या घरानं मिळून करायची. आमच्याकडे आईला आठवलं की पहिल्या तलंगेनं आदल्या संध्याकाळी कवच नसलेलं, मऊ अंडं टाकलं होतं. मला ते ठाऊकच नव्हतं.

मरीची चाल ओळखा

एका रात्रीत, आदल्या दिवशी ठणठणीत असलेल्या तीन-चार मेल्या आणि त्यानंतर कोणीच मेलं नाही, तर रोगापेक्षा विष, साप, मुंगूस किंवा गुदमरणं यांवर संशय घ्या. मुंगूस मान-डोकं चावतो आणि भूक नसतानाही अनेक मारतो. मानेची पिसं बाजूला करून दातांच्या खुणा बघा. पावसाळी रात्री छोट्या खुराड्यात पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. विषाचं मूळ बहुतेक वेळा आपल्याच घरात असतं: औषध चोळलेलं बियाणं, फवारणीच्या पंपाचं धुतलेलं पाणी, उंदराची गोळी, गोळी खाऊन मेलेला उंदीर. उंदराच्या काही विषांनी मेलेल्या पक्ष्याच्या पोटातून लसणासारखा उग्र वास येतो. तो विषारी वायूचा वास असतो, म्हणून तपासायला पोट फाडून हुंगत बसू नका. विदर्भ-मराठवाड्यात पारा 40 च्या वर गेला की पत्र्याखालच्या कोंबड्या दुपारी तीन-चारच्या सुमारास चोच उघडी ठेवून, पंख पसरून मरतात. जाड, वजनदार कोंबड्या आधी जातात.

फक्त तीन ते सहा-सात आठवड्यांची पिल्लं मरतात आणि मोठ्यांना काही होत नाही? खाली वाकून शीट बघा. त्यात रक्त असेल, पिल्लं गारठल्यासारखी कुबड काढून बसत असतील, तर ही रक्ती हगवण. खाली अंथरलेल्या ओल्या तुसात हे जंतू दोन दिवसांत तयार होतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत, म्हणून इथे तूस बदलणं औषधाइतकंच महत्त्वाचं. यावर एम्प्रोलियमसारखं पाण्यातून द्यायचं औषध वेळेवर दिलं तर गुण येतो. मर लागल्यावर ज्यात औषधानं खरोखर पिल्लं वाचतात अशा थोड्या रोगांपैकी हा एक. त्याहून लहान, पहिल्या दहा दिवसांतली पिल्लं शेपटीखाली पांढरी चिकट शीट अडकून मरत असतील, तर रोग बहुधा अंड्यातूनच आलेला असतो. ज्या कोंबडीची अंडी रवणाला, म्हणजे उबवायला, घातली तिची तपासणी करून घ्या.

लहान-मोठे, नर-मादी सगळे चार ते दहा दिवसांत एकामागून एक जात असतील, तर महाराष्ट्रातल्या खेड्यात पहिलं नाव घ्यायचं ते मानमोडीचं, म्हणजे राणीखेत रोगाचं. उत्तराखंडातल्या राणीखेत या थंड हवेच्या गावावरून हे नाव पडलं. 1920 च्या दशकात तिथे हा रोग नोंदला गेला. हिरवट-पांढरी पातळ शीट, चोच उघडून आवाज करत घेतलेला श्वास, अचानक घटलेली अंडी, मऊ कवच. सगळ्यात वेगळी खूण म्हणजे पिरगळलेली मान. कोंबडी आभाळाकडे बघते, दाण्यावर चोच मारते आणि चुकते, एका बाजूला गोल फिरते. लस नसलेल्या गावरान कळपात दहापैकी आठ-नऊ पक्षी जाऊ शकतात. माझ्याकडे हीच आली होती.

पिरगळलेली आणि लुळी पडलेली मान यांत फरक करा. मान दोरीसारखी सैल जमिनीवर पडली असेल, डोळ्यांची पापणी जड झाली असेल आणि पाय-पंखही लुळे असतील, तर कुजलेल्या मेलेल्या प्राण्यावरच्या अळ्या खाल्ल्या का ते बघा. त्या अळ्यांत साचणाऱ्या विषानं असं होतं. मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकणाऱ्याला हा दुसरा फटका.

चार-सहा महिन्यांच्या तलंगेचा एक पाय पुढे आणि एक मागे ताणलेला असेल, तर ते मरेक या विषाणूच्या रोगाचं लक्षण. एकेक करून, महिनाभर अशा जातात. त्यावर औषध नाही. तुऱ्यावर, डोळ्याभोवती खपल्या आल्या तर देवी. त्यानं मरण्याचं प्रमाण कमी असतं, पण तोंडात पिवळे चट्टे आले तर पक्षी खाणं सोडतो. डोळा सुजून बंद, नाकातून घाण वासाचा पाझर, पण मर फारशी नाही, तर ती संसर्गजन्य सर्दी. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड खाऊन जाणाऱ्यांचं यकृत खराब झालेलं असतं. बाहेरून ओळखू येत नाही, पण गोणीच्या तळाशी हात घातला की बरंच कळतं.

आणि महिन्याला एखादी, सुकून, फिकट तुऱ्यानं जाणारी? ही ‘मर’ वाटतच नाही म्हणून सगळ्यात जास्त चालते. जंत किंवा बाहेरचे रक्तपिपासू. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन खुराड्यात जा. कोंबडीच्या पंखाखाली आणि बसायच्या दांड्याच्या फटींत बघा. कोंबड्यांची गोचीड दिवसा लाकडाच्या भेगेत लपते आणि रात्री बाहेर येते, म्हणून दिवसा तपासणाऱ्याला ‘काहीच नाही’ दिसतं. आमच्या शेजारच्या काकूंनी दोन वर्षं कोंबड्यांना टॉनिक पाजलं. एका रात्री टॉर्च मारला तर बांबूच्या फटीतून राखाडी फुगलेल्या गोचिडींची रांग निघाली.

आजारी पक्षी हातात घेतलात तर

पंख दाबून काखेत धरा. छातीचं मधलं हाड चाचपा: धारेसारखं टोचत असेल तर आजार जुना, मांस भरलेलं असेल तर तो अचानक आलेला. गळ्याखालची दाण्याची पिशवी सकाळी रिकामी असायला हवी. दगडासारखी कडक असेल तर अडकलंय, पाण्यानं थबथबत असेल तर कुजतंय. शेपटीखाली पोट फुगलेलं असून कोंबडी पेंग्विनसारखी उभी राहत असेल, तर अंडं अडकल्याची शक्यता आहे. हा त्या एकट्या कोंबडीचा त्रास असतो, कळपाचा नाही. हे सगळं बर्ड फ्लूची शंका नसेल तेव्हाच करायचं.

डॉक्टर आणि प्रयोगशाळा

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किंवा 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा. ‘कोंबड्या मरतात, औषध द्या’ असं म्हणू नका. ‘शवविच्छेदन करून द्या’ असं म्हणा. गाई-म्हशींच्या गर्दीत चार कोंबड्यांचं काम मागे पडतं, हे खरं आहे. वही पुढे केली की ते पुढे सरकतं, हा माझा अनुभव. शक्य असेल तर बारा तासांच्या आतल्या दोन मेलेल्या आणि एक-दोन आजारी, पण जिवंत पक्षी न्या. नेण्याआधी दवाखान्यात विचारा. बर्ड फ्लूची शंका असेल तर तुम्ही न्यायचं नाही, त्यांनी यायचं.

पोट उघडल्यावर दहा मिनिटांत बरंच कळतं. पेषणीच्या, म्हणजे दाणे दळणाऱ्या पिशवीच्या, आधीच्या जठरात टाचणीएवढे रक्ताचे ठिपके दिसले तर संशय राणीखेतवर, आतड्याच्या टोकाच्या दोन बंद पिशव्या रक्तानं भरलेल्या असल्या तर रक्ती हगवण, यकृतावर पांढरे बारीक ठिपके असले तर जिवाणूंचा रोग. त्याच्या पुढची तपासणी हवी असेल तर डॉक्टर नमुने पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे पाठवतात. बर्ड फ्लूचं अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होतं.

निदान येईपर्यंत

स्वच्छ पाणी, त्यात थोडा गूळ आणि मिठाची चिमूट, सावली, पिल्लांना ऊब. हळद-लसूण द्यायचा तर द्या, अपाय नाही, पण त्यात दोन दिवस घालवू नका. मेडिकलमधून किंवा कृषी केंद्रातून अँटिबायोटिकची पुडी आणून पाण्यात ढवळणं मात्र टाळा. मानमोडी, देवी, मरेक हे विषाणूचे रोग. त्यावर ती चालतच नाही. पुडी दिलेल्या कोंबडीची अंडी नंतर घरातली पोरं खातात. कोलिस्टिन नावाचं असंच एक औषध कुक्कुटपालनात सर्रास वापरलं जायचं. माणसांच्या शेवटच्या उपायातलं ते असल्यामुळे 2019 मध्ये सरकारनं खाण्याच्या जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. जुनी पाकिटं घरात पडलेली असतील तर तपासा.

मर चालू असताना लासोटा, म्हणजे राणीखेतची लस, द्यावी का? अजून निरोगी असलेल्यांना कधी कधी देतात, पण अंगात रोग शिरलेला पक्षी लशीनं वाचत नाही. हा निर्णय डॉक्टरांचा.

पुरणं आणि खुराडं रिकामं करणं

विहीर-ओढ्यापासून लांब, कुत्र्याला उकरता येणार नाही असा तीन-चार फूट खोल खड्डा. पिशव्या, पिसं, तूस, उरलेला दाणा सगळं त्यात. वर चुन्याचा थर, मग माती, वर दगड किंवा काटेरी फांद्या.

खुराडं धुताना बहुतेकजण आधी औषध शिंपडतात आणि मग झाडतात. क्रम उलटा हवा. शीट आणि तूस पूर्ण खरवडून काढा, साबणाच्या पाण्यानं घासा, वाळू द्या, मग ब्लीचिंग पावडरचं पाणी किंवा चुन्याची सफेदी. घाणीवर टाकलेलं औषध घाणीतच मरतं. लाकडाच्या फटींत चुना भरा. छप्पर काढता येत असेल तर काढून ऊन आत येऊ द्या. मग निदान तीन-चार आठवडे खुराडं रिकामं ठेवा. घरात कोंबडी नसली की चुकचुकल्यासारखं होतं, पोरं मागे लागतात, तरी थांबा.

पुन्हा सुरुवात

नवे पक्षी तीन आठवडे वेगळे ठेवायचे. पिल्लं असतील तर 5 ते 7 दिवसांची झाली की डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटाचा एक थेंब. दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. सहा-सात आठवड्यांना पंखाच्या पातळ कातडीत देवीची. आणि आठ आठवडे उलटल्यावर राणीखेतची आर-टू-बी, कातडीखाली अर्धा मिलि. ही शेवटची लस तीव्र असते, आधी लासोटा न मिळालेल्या पिल्लांना देऊ नका. आपल्या भागातलं नेमकं वेळापत्रक दवाखान्यातून घ्या. लस बर्फातच आणायची, कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवायची, ऊन चढण्याआधी किंवा संध्याकाळी. थेंब टाकताना स्वतःच्या डोळ्याला हात लावू नका, लासोटानं माणसाचे डोळेही येतात.

अडचण एवढीच की लशीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि आपल्याकडे कोंबड्या असतात पंधरा. एकट्यासाठी कोण आणणार? आमच्या वाडीत त्यावर असा तोडगा निघाला: अकरा घरं, मिळून एकशे तीस-चाळीस पक्षी, एक बाटली, एक थर्मोकोलचा डबा. आदल्या रात्री सगळ्यांनी आपापल्या कोंबड्या कोंडून ठेवायच्या. पहाटे साडेपाचला दोघं बाटली घेऊन घरोघर फिरतात, सात वाजेपर्यंत काम संपतं. पुढची तारीख प्रत्येकाच्या खुराड्याच्या दारावर खडूनं लिहिलेली असते. पावसाळ्यात ती पुसून जाते, म्हणून यंदापासून काकूंनी ती गॅस सिलिंडरच्या पासबुकात लिहायला सुरुवात केली आहे.